काहीतरी ठेवून जा

घर बदलायचं म्हटलं की आमच्याकडे अजूनही भांडणं होतात. सुनेला सगळं टाकायचं असतं, मुलाला सगळं न्यायचं असतं, आणि मला विचारलं की मी म्हणते, गोधडी पसरा आणि गाठ मारून बघा. दोघंही हसतात. त्यांना ती म्हातारीची काहीतरी खोड वाटते. खोड माझी नाही. ती मी वऱ्हाडात एका बाईकडून उचलली, आणि त्या बाईइतक्या वेळा सामान बांधलेली दुसरी बाई मी आयुष्यात पाहिली नाही. यात रेल्वेवाल्यांच्या बायकाही आल्या, म्हणजे मीही आले.

लग्न होऊन मी पुण्याहून अमरावतीला आले तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, रॉकेलसाठी रांग लावावी लागायची आणि वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा. यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. आमचं भाड्याचं दोन खोल्यांचं घर गावाच्या कडेला एका भाजीवाल्याच्या मळ्याला लागून होतं. वांगी, मेथी, कोथिंबीर आणि कुंपणाच्या कडेने झेंडू. पहिल्याच दिवशी ट्रंका, टोपल्या आणि वळकट्यांच्या मधोमध उभी राहून मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात मळ्याकडून एक उंच, वाळकी बाई आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि हात गड्याचे असावेत तसे मोठे. दारातच थांबून तिने विचारलं, "जागा हाये का?"

मला वाटलं, खोली मागते आहे. मी म्हटलं, आम्हीच इथे भाडेकरू आहोत.

"बसाले म्हनतो मी," ती म्हणाली.

तिकडे बायकाही 'मी म्हणतो, मी जातो' म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मी दचकलेच. ती आत आली, उंबऱ्याला टेकून बसली आणि माझ्या सामानावरून नजर फिरवून म्हणाली, "हे सारं तुमचंच? मंग उचलते कोन?"

"हमाल."

"अन् हमाल नाही आला मंग?"

तिने पदर खोचला आणि माझ्या ट्रंका लावायला घेतल्या. मला न विचारता एक ट्रंक तिने तशीच बंद ठेवून कोपऱ्यात सरकवली. "हिच्यात काय हाये ते तुमाले आठवते काय?" मला आठवत नव्हतं. "मंग ते तुमचं नाई," तिने निकाल दिला. ती ट्रंक मी पुढच्या उन्हाळ्यात उघडली. आत सासूबाईंनी दिलेले काचेचे लोणच्याचे सट होते, आणि एकही धड नव्हता.

या अनसूयाबाई. मळा त्यांच्या थोरल्या भावाचा. पण अनसूया हे नाव मला बऱ्याच दिवसांनी कळलं. घरातली पोरं त्यांना आत्या म्हणायची, म्हणून सगळी गल्ली आत्या म्हणायची. भावजय 'बाई' म्हणायची, भाऊ काहीच म्हणायचे नाहीत. एकदा त्यांनी मला गडूभर ताक आणून दिलं, तेव्हा गडूच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव मी वाचलं. "अनसूया कोण?" मी विचारलं. त्या गडूकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मीच होय."

लग्नात वडिलांनी त्यांना भांडी दिली होती, प्रत्येकावर नाव घालून. सासर अंजनगाव सुर्जीचं, नवऱ्याचा पानमळा. दोन पावसाळे त्या तिथे नांदल्या. मग नवऱ्याने दुसरी आणली आणि यांना बैलगाडीत भांड्यांसकट माहेरी आणून सोडलं. भांडी परत दिली म्हणून लोकांनी त्याला भला माणूस म्हटलं. त्यांच्या जातीत पंचांपुढे काडी मोडून बाईला मोकळं करायची रीत होती. मोकळी झालेली बाई पुन्हा घर मांडू शकत होती. पण हा गडी पंचांपुढे यायचाच नाही. बोलावलं की पानमळ्याला पाणी द्यायचं असायचं. नांदवायचं नाही आणि सोडायचंही नाही, असं त्याने ठरवलं होतं की नुसता आळस केला होता, हे कोणालाच सांगता आलं नाही. आत्या त्याबद्दल एकच वाक्य बोलायच्या. "मले ठेवून विसरला तो."

पुढे वडील वारले आणि भावांच्या वाटण्या झाल्या. थोरला अमरावतीच्या मळ्यावर राहिला, धाकट्याने अकोल्याला मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात भाजीचं दुकान टाकलं. जमीन वाटली, बैल वाटले, आत्याची भांडीही निम्मी निम्मी वाटली गेली. आणि भांड्यांबरोबर आत्याही. थोरल्या भावजयीचं बाळंतपण असलं की अमरावती, धाकटीचं असलं की अकोला. मिरच्या वाळवायच्या असल्या की अमरावती, लग्नसराईत दुकान जोरात असलं की अकोला. मध्ये रेल्वे होतीच. बडनेऱ्याला गाडी बदलायची आणि गाठोडं डोक्यावर घेऊन निघायचं.

त्यांचं गाठोडं बांधणं मी कितीदा तरी पाहिलं. आईची एक जाड गोधडी होती, ती जमिनीवर पसरायची. त्यावर लुगडी, चोळ्या, फणी, देवीचा टाक, भाकरी थापायची परात, एक तांब्या, एक जुनी चाळणी. मग चारही पदर उचलून गाठ मारून बघायची. गाठ बसली नाही तर पहिल्यांदा परात बाहेर. पुन्हा गाठ. अजूनही नाही, तर चाळणी बाहेर. त्यात रडणं नाही, आठवणी काढणं नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, मोठी चादर घ्या की." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मोठी घेतली तं उचलन कोन, पुन्याच्या बाई? गाठ अन् मुंडकं, दोघायले झेपलं पायजे."

आणि एक नियम. ज्या भांड्यात भावाचं पोर जेवलं ते भांडं न्यायचं नाही. पोर त्यात जेवलं म्हणजे ते पोराचं झालं. दोन्ही घरांत पोरं भरपूर, त्यामुळे आत्याच्या ताटल्या, वाट्या, फुलपात्री एकेक करून त्यांच्या हातून गेली. अमरावतीच्या चुलीपाशी अनसूया, अकोल्याच्या मोरीवर अनसूया, आणि खऱ्या अनसूयेच्या गाठोड्यात एक तांब्या. मला याची चीड यायची. त्यांना यायची की नाही, ते त्यांच्या तोंडावरून कधी कळलं नाही.

निघायच्या वेळी थोरली भावजय दारात येऊन म्हणायची, "बाई, काही तं ठेवून जा." जाणाऱ्याने एखादी वस्तू मागे ठेवली की त्याचे पाय परत त्या घराला लागतात, अशी तिकडे समजूत. पुण्याच्या कानाला वऱ्हाडी बोलणं रोखठोक लागतं, पण ही रीत मला फार गोड वाटली होती. मी आईला तसं कळवलंही होतं. गाठ न बसल्यामुळे बाहेर काढलेली परात नाहीतर चाळणी आत्या भावजयीच्या हातात द्यायच्या, आणि भावजय ती फळीवर जपून ठेवायची.

मग महिना-दीड महिन्यात अकोल्याला निरोप जायचा, बाई, तुमची चाळनी वाट पाहून राहिली. सगळे हसायचे. आत्याही हसायच्या आणि गाठोडं बांधायला बसायच्या.

एका हिवाळ्यात ही थट्टा मला पूर्ण कळली. त्या वर्षी गाठोड्यात नवी वाकळ होती, म्हणून आईची गोधडी त्यांनी अमरावतीला ठेवली होती. आमची बदली अकोल्याला झाली होती, रेल्वेची खोली मिळेना म्हणून आम्ही जुन्या शहरातच आत्याच्या धाकट्या भावाच्या गल्लीत राहत होतो. थंडी कडाक्याची पडली. आत्यांना छातीचं दुखणं झालं, आणि त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर गोधडी मागवली. तीन माणसं अमरावतीहून आली, तिघंही हात हलवत. भावजयीचा निरोप एकच. बाई येतील तेव्हा नेतील, त्याच्याशिवाय त्यांचे पाय इकडे वळत नाहीत. निरोप सांगणाराही हसत होता. आत्या खोकत खोकत उठल्या आणि वाकळ पसरली. अंगात ताप असताना त्या गोधडीसाठी अमरावतीला गेल्या, आणि गेल्या त्या चैत्रापर्यंत तिथे मिरच्या-हळदीला राबल्या. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून त्यांना जाताना पाहिलं, आणि मला पहिल्यांदा त्या गोड रिवाजाचा राग आला.

बरं, माणसं वाईट असती तर आत्यांचं सोपं झालं असतं. वाईट कोणी नव्हतं. थोरली त्यांच्या केसांना तेल लावून द्यायची. धाकटी स्वतःच्या आधी त्यांना वाढायची. पोरं तर त्यांच्या पाठीला चिकटलेली. फक्त त्या कुठे राहतील हे त्या सोडून सगळे ठरवायचे. अकोल्याच्या घरी कांद्याच्या पोत्यांच्या खोलीत त्यांची वळकटी असायची. तिथे त्यांचे कपडे टांगायला एक खुंटीही नव्हती आणि त्यांनी ती कधी मागितली नाही. गाठोडं त्या सोडायच्याच नाहीत. हवी ती वस्तू बोटाने आतून ओढून काढायच्या. "एकदा सोडून सगळं नीट लावा ना," मी म्हणायचे. "सोडलं का सांडते," त्या म्हणायच्या. ज्या स्वयंपाकघरात त्यांनी वर्षानुवर्षं भाकरी थापल्या, तिथेही बसण्याआधी त्यांचं ठरलेलं होतं. "जागा हाये का?" उत्तर कोणी देत नसे, आणि त्या थोडं थांबून बसत.

एका उन्हाळ्यात दोन्हीकडून एकदम मागणी आली. थोरल्याच्या मुलीचं लग्न आणि धाकटीचे दिवस भरलेले. थोरला स्वतः अकोल्याला आला आणि अंगणात दोघा भावांची जुंपली. "मागच्या खेपेले तुह्याकडे जास्त राहिली," थोरला म्हणे. "लग्नाले साऱ्या बाया भेटतात, बाळंतपनाले कोन येते?" धाकटा म्हणे. मी आपली धाकटीला बघायला गेले होते. आत्या ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. एकदाही त्यांनी मान वर केली नाही. मेथी मात्र संपून गेली तरी त्यांची बोटं काड्याच खुडत होती.

ते भांडण आणखी एका बाईने ऐकलं. धाकटीची सगळी बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाई. नोकरी संपत आलेली, एकट्या, बोलायला तुसड्या. त्यांनी चिखलदऱ्याला एक छोटं घर घेतलं होतं, मागे थोडी वाडी, आणि तिथे कायमचं जाऊन राहायचं चाललं होतं. पोर झालं, न्हाऊमाखू झालं आणि नर्सबाई हात पुसत आत्यांना म्हणाल्या, "माझ्याबरोबर येतेस का? वाडी आहे, भाजी लाव, झेंडू लाव. खोली तुला वेगळी देईन. पण येशील तर राहायला ये. महिन्याने चाळणी आणायला जाते म्हणशील तर नको मला."

संध्याकाळी आत्या माझ्याकडे आल्या. जागा आहे का विचारलं, बसल्या. मी आनंदाने काहीबाही बोलत होते. त्या मला थांबवून म्हणाल्या, "भांडे राहतात ना बाई. दोन्ही घरी मायं नाव हाये. नाव मागं ठेवून कोनी सुटते काय?"

मी म्हटलं, ही सगळी समजूत आहे, तुम्ही खुशाल जा. त्यांनी मान हलवली. "समजूत माही नाई. त्यायची हाये. ते बलावतीन, अन् मी जाईन. मले मायं ठाऊक हाये."

हे मात्र खरं होतं. भांडी परत मागावी, तर पोरांच्या पुढचं ताट ओढायचं. ते त्यांच्याने मेलं तरी झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन कासाराच्या दुकानात गेल्या आणि पदराखालून एक फुलपात्र काढून म्हणाल्या, याच्यावरचं नाव काढा. कासाराने फुलपात्र उलटंसुलटं केलं. चांगलं भांडं होतं. "नाव घालाले येतात बाई लोकं," तो म्हणाला, "काढाले कोनी येत नाई. चोरीचं समजतीन." आणि त्याने ते परत दिलं. आत्या वाद घालत बसल्या नाहीत. पलीकडे बैलांना पत्र्या ठोकणाऱ्या लोहाराकडून त्यांनी एक कानस मागून घेतली आणि घरी येऊन अंगणात बसल्या.

दुपार उलटेपर्यंत त्या घासत होत्या. पितळेचा तो करकर आवाज माझ्या घरापर्यंत यायचा. एकेक अक्षर जायचं. आधी काना, मग गाठ, मग नुसते दोनचार ठिपके, आणि शेवटी एक चकचकीत डाग. धाकटी बाळाला घेऊन दारात आली. "हे काय करून राहिल्या, बाई?"

"तुह्या गन्याच्या ताटलीवर मायं नाव काहून असावं?" आत्या म्हणाल्या. "उद्या त्याची बायको इचारन."

धाकटीचा चेहरा उजळला. भांडी आपली झाली एवढंच तिला दिसलं. तिने आतून आणखी दोन वाट्या आणून दिल्या, या राहिल्या होत्या म्हणून. आत्यांनी त्याही घासल्या. मला तिथे बसवेना. माझ्या वडिलांनी मला दिलेल्या डब्यांवर माझं नाव आहे, त्यांवरून मी आजही हात फिरवते. आणि ही बाई वडिलांनी घातलेलं नाव स्वतःच्या हाताने खरवडत होती, पितळेची पूड लुगड्यावर सांडत होती. मी उठून घरी आले आणि पोटभर रडले.

मग त्या लग्नाला अमरावतीला गेल्या. कानस गाठोड्यात होती, तिच्यासाठी तांब्याच्या शेजारी जागा केलेली मी पाहिली. लग्न पार पडलं, आणि मृगाच्या आधी एका सकाळी त्या परत आल्या त्या भावाकडे न जाता थेट मोटारअड्ड्यावर. नर्सबाईंनी मला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारी होत्या. मागे शेगडीसारखं पिंप, आणि क्लीनर त्यात कोळसे ढोसत होता. अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा आणि मग घाट. पाऊस लागायच्या आत पोचायला हवं होतं.

"अमरावतीला काय झालं?" मी विचारलं.

"वयनी रडली." आत्यांनी गाठोडं खाली ठेवलं. "काही तं ठेवून जा म्हने. म्या म्हटलं, सारं घर पाहून घ्या, मायं काही दिसलं तं ठेवा. तिनं पाहिलं. काहीच नोतं."

"आणि भाऊ?"

"दादा म्हने, भाऊ जिते असून दुसऱ्याच्या दारी जातं? म्या म्हटलं, दादा, मी कोनाच्या दारी होती आजपावतर?"

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. मी अंजनगावचं विचारणार होते. मोटार त्यांच्या नवऱ्याच्या गावावरून जाणार होती. माझा चेहरा पाहून त्याच म्हणाल्या, "लागते रस्त्यात. लागू द्या. मोटार थांबन, चहा पितीन लोकं, अन् निंगन."

माझ्या पिशवीत एक वाटी होती. मागे कधीतरी त्यांनी त्या वाटीतून मला ठेचा आणून दिला होता. शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत करायचं म्हणून मी ठेवून घेतलं, आणि ते राहूनच गेलं. आदल्या दिवशी फळी आवरताना ती हाती आली. काठाखाली ठिपक्यांनी अनसूया. सगळं घासून झालं होतं आणि हे एक माझ्या घरात राहिलं होतं. मी वाटीत साखर भरून फडक्यात बांधली आणि पहाटेच अड्ड्यावर येऊन थांबले होते.

मी ती पुढे केली. आत्यांनी फडकं सोडलं, चिमूटभर साखर तोंडात टाकली, उरलेली फडक्यात ओतून घेतली. मग रिकामी वाटी उजेडात धरून त्यांनी नाव वाचलं. त्यांना वाचता येत नव्हतं, बोटाने वाचलं. मला वाटलं, आता कानस काढतात. त्यांनी वाटी माझ्या हातात परत ठेवली.

"हे राहू द्या तुमच्यापाशी."

"अहो, पण नाव आहे तिच्यावर."

"असू द्या. एक ठेवतो मी." त्यांनी माझी बोटं वाटीवर मिटली. "तुमी बलावनं धाडत नाई कोनाले."

नर्सबाई मोटारीत बसल्या होत्या. आत्या पायरीवर चढल्या, गाठोडं छातीशी धरून दाराशी थांबल्या आणि सवयीने म्हणाल्या, "जागा हाये का?"

"तुझीच आहे," नर्सबाई वैतागून म्हणाल्या, "बस आता. धूर येतोय आत."

त्या बसल्या. पुढे मोटार वळली तेव्हा मला खिडकीतून त्यांचा खांदा आणि मान दिसली. मान खाली होती. रडत असतील असं मला वाटलं. नीट पाहिलं तर त्या मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सोडत होत्या.

दिवाळीच्या सुमाराला धाकटी माझ्याकडे आली. तिला पुन्हा दिवस गेले होते. दोन निरोप चिखलदऱ्याला गेले होते आणि दोन्ही वेळा आत्यांकडून फक्त पोरांना मुके आले होते. तिने घरातली सगळी भांडी उपडी करून पाहिली होती. "तुमचं अन् आत्याबाईचं लय होतं," ती म्हणाली. "त्यायची एखादी वस्तू तुमच्यापाशी राहिली असन तं सांगा. त्या येतीन मंग."

मला त्या पोरीची दया आली. आत्या याव्यात असं मलाही वाटत होतं, तिच्याइतकंच, कदाचित जास्तच. वाटी तिथेच होती, तिच्या डोक्यावरच्या फळीवर, नाव भिंतीकडे करून ठेवलेली.

पुण्याच्या माणसाला खोटं बोलताना आवाज मऊ करता येतो, एवढा एक फायदा आहे.

"नाही गं," मी म्हटलं. "काहीच नाही राहिलं."